उशिरा येणारे कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला संस्कार, आरोग्य, नाही तर स्त्रीजीवनाचे ध्येय असा एखादा भारदस्त विषय असावा, असा आपला रिवाज आहे. म्हणून चिटणीसबाईंनी बोलावणे केले आणि मी माझा विषय सांगितला, तेव्हा त्या जरा विचारात पडल्या. "अहो, कॉलेजच्या प्रवेशाचे कागद म्हणजे कचेरीतला विषय झाला. बायकांच्या मंडळात तो कशाला?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, जूनमध्ये एकदा सेतू केंद्रापुढची रांग पाहून या. दाखल्यांची पिशवी छातीशी धरून उन्हात उभ्या असतात त्या बहुतेक आयाच असतात. वडिलांना रजा मिळत नाही, मुलांना ऑनलाइन अर्जाची घाई असते, आणि कागद जमवण्याचे काम घरातल्या इतर शंभर कामांसारखेच आईच्या पदरात येऊन पडते. मग ते नीट कसे करावे हे आईनेच जाणून घ्यायला नको का?

शाळेच्या कार्यालयात माझी सत्तावीस वर्षे गेली. दाखले लिहिणे, रजिस्टरातले उतारे देणे, हेच माझे काम. त्या खुर्चीवरून पाहिलेले सांगते. कागद वेळेवर आला नाही तर मुलाचे एक वर्ष फुकट जाते. मुलीचे पुष्कळदा शिक्षणच थांबते. वर्षभर घरी बसलेल्या मुलीकडे नातेवाइकांचे लक्ष जाते. "नाही तरी यंदा रिकामीच आहे" असे म्हणत कोणीतरी स्थळ सुचविते. पुढच्या जूनमध्ये कागद हाती येतो, पण मुलगी तोवर दुसऱ्या गावी नांदायला गेलेली असते. असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. शिकू नको असे तिला कोणीही म्हटलेले नसते, हे यातले विशेष. फक्त एक दाखला उशिरा आलेला असतो.

म्हणून आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कागद मुळात उशिरा का होतात ही पहिली, आणि उशीर झालाच तर हातपाय न गाळता काय करावे ही दुसरी.

सगळे कागद सारखे नसतात. बारावीच्या छापील गुणपत्रिकेची काळजी करू नका. ती निकालानंतर काही दिवसांनी हाती येते हे सर्व कॉलेजांना ठाऊक असते, तोवर ऑनलाइन निकालाची प्रत चालते. डिजिलॉकरमधून काढलेली गुणपत्रिका तर कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जाते. अधिवासाचा दाखला एकदा काढला की पुढे उपयोगी पडतो, तो दहावीनंतरच्या सुट्टीत काढून ठेवावा. दुसऱ्या मंडळाच्या किंवा परराज्यातल्या शाळेतून मूल आले असेल तर स्थलांतराचे प्रमाणपत्र लागते, आणि मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. हे सारे थोड्या धावपळीने होते.

अडते ते दोन ठिकाणी. त्यातले पहिले ठिकाण म्हणजे ३१ मार्च.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयरचा दाखला आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला, या तिन्हींचे आयुष्य आर्थिक वर्षाशी बांधलेले असते. नॉन-क्रिमीलेयर काही वेळा तीन वर्षांचा मिळतो, पण तोही कुठल्या तरी ३१ मार्चलाच संपतो. आणि प्रवेश सुरू होतात कधी? मे-जूनमध्ये. म्हणजे डिसेंबरात मोठ्या हौसेने काढून, प्लॅस्टिकमध्ये घालून, देवघराच्या खणात ठेवलेला दाखला नेमका प्रवेशाच्या तोंडावर बाद झालेला असू शकतो. आई सांगते, "दाखला आहे की आमच्याकडे!" तो असतो खराच, पण प्रवेशासाठी चालू शैक्षणिक वर्ष संपण्याच्या सुमारास येणाऱ्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेला दाखला लागतो. तेव्हा आज घरी गेल्यावर खणातला दाखला काढून तळाची तारीख वाचा. नवा लागणार असेल तर एप्रिल उजाडताच अर्ज करावा. एप्रिलमध्ये कचेरीत गर्दी कमी असते. निकाल लागला की सारे गाव तिथे लोटते.

दुसरे ठिकाण अवघड आहे. जातीच्या दाखल्याची पडताळणी, म्हणजेच जात वैधता प्रमाणपत्र. यावर जरा सविस्तर बोलते, कारण सर्वांत जास्त रडारड याच कागदापायी होते.

जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र हे एकच, असे अजूनही पुष्कळ भगिनींना वाटते. तसे नाही. दाखला प्रांत कार्यालयाकडून मिळतो. तो खरा आहे की नाही हे पडताळणी समिती तपासते आणि मग वैधता देते. ही समित्यांची पद्धत १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रवेशाच्या खटल्यात घालून दिली. पुढे आपल्या राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, तो २००१ सालच्या ऑक्टोबरात अंमलात आला. त्या कायद्याप्रमाणे नुसता दाखला पुरेसा नाही, पडताळणी झाली तरच तो टिकतो. साध्या कला-वाणिज्य शाखेला प्रवेशाच्या वेळी बहुधा वैधता मागत नाहीत. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय अशा अभ्यासक्रमांना राखीव जागेवर जायचे तर ती मागतातच.

आता समिती काय पाहते? ती पाहते आजोबांचा कागद. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा जातीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे आज सतरा वर्षांच्या असलेल्या मुलीच्या प्रवेशासाठी तिच्या आजोबा-पणजोबांच्या काळातली नोंद धुंडाळावी लागते. कुठे मिळते ती? आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जुन्या रजिस्टरात. ते शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबा गेले होते का ते पाहावे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातले कोणीही चालते. जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये असतात, त्याला जुनी माणसे कोतवाल बुक म्हणतात. जमीन असेल तर फेरफार, हक्कनोंदणी, जुने खरेदीखत यांत कधी कधी जात लिहिलेली सापडते.

आणखी एक अडचण अशी, की दाखला मिळतो तो त्या तारखेच्या वेळी पूर्वज जिथे राहत होते तिथल्या कचेरीतून. आपण राहतो ठाण्याला, पण सासरे मूळचे साताऱ्याकडचे. मग साताऱ्याकडच्या प्रांत कार्यालयात जायचे, तिथल्या शाळेतून उतारा आणायचा, आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे. शाळा असते एकशिक्षकी, गुरुजी सुट्टीवर, कपाटाची किल्ली गुरुजींजवळ! यात पंधरा दिवस सहज जातात. जुना कागद मोडीत असला तर तो मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावा लागतो. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली हे आपण सर्वांनी पाहिलेच. आपल्या वाडवडिलांची मोडी आपण सोडून दिली. ती अशी दारात येऊन उभी राहिली.

विवाहित मुलींच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. लग्नाने नाव बदलते, जात बदलत नाही. लग्नानंतर शिकणाऱ्या सुनेला तिच्या वडिलांकडचेच पुरावे द्यावे लागतात, आणि माहेरचे नाव व सासरचे नाव एकाच व्यक्तीचे हे दाखवायला विवाहाची नोंद किंवा राजपत्र लागते. सुनेला शिकवणाऱ्या सासवा आपल्यात आहेत, त्यांचे मला फार कौतुक वाटते. त्यांनी हे कागद तिच्या माहेराहून आधीच मागवून ठेवावेत. माहेरी पत्र जायला आणि भावाने कपाट उघडायला वेळ लागतो.

ज्यांच्या घरात वडिलांना, काकांना किंवा आत्याला पूर्वीच वैधता मिळालेली आहे, त्यांनी ती प्रत अवश्य जोडावी. तिच्याइतका मोठा आधार दुसरा नाही. आणि एक समाधान असे, की वैधता एकदा मिळाली की जन्माची झाली. ३१ मार्चचे भय तिला नाही.

म्हणून वैधतेचा अर्ज अकरावीतच करावा. ज्युनियर कॉलेजच्या पत्राने तो करता येतो. सोबत वंशावळीचे शपथपत्र लागते. वंशावळ लिहिताना घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जवळ बसवा. पुरुषांना आपल्या आजोबांचे नाव आठवते, त्यांच्या भावांची नावे आठवत नाहीत. आत्येसासूला मात्र सगळी वेल पाठ असते.

एवढे करूनही कागद उशिरा होतो. समितीला शंका आली तर दक्षता पथक गावी जाऊन चौकशी करते, त्याला काही महिने लागतात. मग करायचे काय?

यासंबंधी न्यायालयांनी एक फार शहाणपणाचा भेद केलेला आहे. एखादी गोष्ट आपल्यापाशी असणे वेगळे, आणि ती असल्याचा कागद हाती असणे वेगळे. १९८० साली केरळातल्या वैद्यकीय प्रवेशाचा एक तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. काही डॉक्टर पदविका परीक्षा मुदतीत उत्तीर्ण झालेले होते, पण पदविकेचा पुरावा अर्जासोबत लागला नव्हता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला तो असा, की पात्रता मुदतीपूर्वी मिळालेली असणे महत्त्वाचे. तिचा पुरावा निवडीपूर्वी पोहोचला तर नुसत्या उशिरापायी माणसाचा हक्क बुडवू नये. २००४ साली ओडिशातल्या एका मुलीलाही असाच न्याय मिळाला. तिचे वडील माजी सैनिक. सैनिक मंडळाने दिलेल्या प्रमाणपत्रात मंडळाकडूनच चूक झाली, म्हणून तिला वैद्यकीयच्या राखीव जागेसाठी परत पाठविण्यात आले. दुरुस्त कागद घेऊन ती पुन्हा हजर झाली, तरी नकार. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पात्रता ठरलेल्या तारखेला हवीच, परंतु पुरावा सादर करण्याच्या बाबतीत थोडी सवलत देता येते. ती कार्यपद्धतीची बाब आहे, तिथे ताठरपणा नको.

पण भगिनींनो, हे ऐकून निर्धास्त होऊ नका. न्यायालयात जायला पैसा लागतो, वकील लागतो आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. तोवर ती जागा दुसऱ्या मुलीला मिळालेली असते. निकालपत्रातला विचार तेवढा घ्यावा आणि तो कचेरीच्या खिडकीवरच वापरावा. खिडकीवर त्याचे रूप एकच असते, ते म्हणजे पावती.

आपल्या राज्यातल्या सामाईक प्रवेशप्रक्रियेत बऱ्याच अभ्यासक्रमांना वैधता, नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र हाती नसेल, पण त्यासाठी अर्ज केलेला असेल, तर त्या अर्जाची पावती जोडून फॉर्म भरू देतात. मूळ प्रमाणपत्र पुढे ठरावीक तारखेच्या आत द्यावे लागते. ती तारीख दर वर्षी निराळी असते आणि माहितीपुस्तिकेत छापलेली असते. शेजारणीच्या मुलाला गेल्या वर्षी जी तारीख होती ती धरून चालू नये. त्या तारखेला प्रमाणपत्र आले नाही तर मुलीचे नाव राखीव गटातून निघून खुल्या गटात जाते, आणि फीही खुल्या गटाची पडते. कधी सरकार विशेष मुदत देते. २०२४ साली एसईबीसी आरक्षणाचा नवा कायदा झाला, त्या वर्षी त्या विद्यार्थ्यांना वैधतेसाठी सहा महिने दिले होते. पण अशी मुदत जाहीर होईलच या भरवशावर बसू नये. वैद्यकीयसारख्या अभ्यासक्रमाला नुसत्या पावतीवर भागेल असे तर मुळीच धरू नये.

पावती याचा अर्थ पोर्टलवरचा अर्जक्रमांक आणि तारीख असलेला कागद. सेतूतल्या मुलाने "झाले काम, काकू" म्हटले म्हणजे पावती झाली नाही. त्याच्या तोंडच्या शब्दाला प्रवेशाच्या तक्त्यात रकाना नसतो. पावतीवरचे मुलीचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच आहे ना, हे खिडकीवरून हलण्यापूर्वी वाचा. अर्जाची तारीखही पाहा. प्रवेशाचा फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतरची पावती फारशी उपयोगी पडत नाही. माझे सांगणे असे की सगळा अर्ज परिपूर्ण होईपर्यंत थांबू नका. आजोबांचा उतारा अजून यायचा आहे म्हणून अर्जच अडवून ठेवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. आहे तेवढ्यावर अर्ज करावा, समिती त्रुटी कळविते, ती मग पूर्ण करावी.

पावती जोडली की काम संपले, असे मात्र नाही. कॉलेजाला आपण होऊन लेखी कळवावे. भाषा साधी असावी. मी आमच्या शाळेतल्या मुलींना असा अर्ज सांगत असे: "माझ्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी अमुक जिल्ह्याच्या समितीकडे अमुक तारखेला अर्ज केला असून त्याचा क्रमांक अमुक आहे. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. प्रमाणपत्र मिळताच सादर करीन. दरम्यान माझा अर्ज याच गटात विचारात घ्यावा, ही विनंती." एवढेच. घरची गरिबी, आजारपण, समितीने दिलेला त्रास, यातले काही लिहू नये. प्राचार्यांना दया येते, पण दया नोंदवहीत लिहिता येत नाही. अर्जाचा क्रमांक लिहिता येतो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर पोहोचल्याचा शिक्का घ्यावा. ई-मेल केला असेल तर त्याचे उत्तर जपून ठेवावे. हमीपत्रात तारीख लिहायला सांगितली तर पुस्तिकेतली शेवटची तारीख लिहावी. उत्साहाच्या भरात "आठ दिवसांत देतो" लिहून पोरीला नवव्या दिवशी अडचणीत घालू नये.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. हे दिवस फार मोलाचे, आणि लोक नेमके याच वेळी देवदर्शनाला जातात! यादीत मुलीचा गट, उत्पन्न, अधिवास बरोबर लागला आहे का ते स्वतः पाहावे. अपुरा कागद, चुकलेली नोंद इथे दुरुस्त होते. अंतिम यादी लागल्यावर दुरुस्तीची दारे जवळजवळ बंद होतात.

आता मुलींच्या फीविषयी दोन शब्द. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय केला, की ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या ज्या मुलींच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांनी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क सरकार भरील. म्हणजे हजारो, काही ठिकाणी लाखांवर रुपयांचा प्रश्न उत्पन्नाच्या एका दाखल्यावर ठरतो. पूर्वी बाप म्हणत असे, मुलीसाठी एवढा खर्च कसा करू? आता खर्च सरकार करते, तेव्हा दाखल्याअभावी तो हक्क घालवणे फारच वाईट. माझ्या पाहण्यातल्या एका घरात मुलाचा उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये काढला आणि धाकट्या मुलीचा "अजून वेळ आहे" म्हणून राहिला. दोन्ही अर्ज एकाच दिवशी, एकाच खिडकीवर देता आले असते. जाणूनबुजून केलेला हा अन्याय नव्हता. घरात तिचे काम नेहमी दुसरे येते, तसे इथेही आले.

ज्या भगिनी पतीपासून वेगळ्या राहतात त्यांची अडचण निराळी आहे. वडिलांकडचे कागद मिळत नाहीत, मागायला जाण्याची सोय नसते. त्यांनी शाळेतून, तलाठ्याकडून, तहसील कचेरीतून थेट नकला मागाव्यात; सरकारी नोंदीची नक्कल मिळवायला सासरच्यांचा निरोप लागत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे, की आंतरजातीय किंवा आदिवासी-बिगरआदिवासी विवाहात मूल वडिलांच्या जातीचे मानले जाण्याकडे कल असला, तरी ते आईच्याच समाजात वाढले आणि त्या समाजाचे भोग त्याने भोगले असे पुराव्याने दाखवता येते. ही वाट सोपी नाही, वकिलाचा सल्ला घ्यावाच. पण वाट आहे.

माझ्या जुन्या धंद्यातले एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जात, जन्मतारीख यांची चूक असेल तर मूल शाळेत आहे तोवर ती दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की दुरुस्तीचा मार्ग शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीतून जातो आणि लांबतो. नववीत असतानाच रजिस्टरातली नोंद पाहू देण्याची विनंती करा. आईचे नाव नीट लिहिले आहे का तेही पाहा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या कागदांवर तर आता आईचे नाव आधी आणि वडिलांचे नंतर लिहावयाचे आहे. ती बाळे कॉलेजात जातील तेव्हा आपल्यापैकी किती जणी असतील कोण जाणे, पण सुरुवात झाली हे बरे झाले.

कचेरीत दिरंगाई होत असेल तर २०१५ सालचा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आपल्या बाजूचा आहे. प्रत्येक दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेले असते आणि त्याचा तक्ता कचेरीत लावलेला असतो. ते दिवस उलटले, किंवा अर्ज नाकारला, तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भांडण करायची गरज नाही. "अपिलाचा अर्ज कोणाकडे द्यायचा?" एवढे शांतपणे विचारले तरी बहुधा फाईल हलते. आणि या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा मुद्रांक आणायला कोणी सांगितले तर आणू नका. सरकारी कचेरीत द्यावयाच्या जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमीलेयर यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांकशुल्क माफ आहे, ती साध्या कागदावर चालतात. २०२५ साली महसूल खात्याने हे पुन्हा बजावले आहे. त्या पाचशे रुपयांत महिन्याची भाजी येते.

कॉलेजाने मूळ कागद ठेवून घेतले तर काय, असे मघाशी एका भगिनीने चिठ्ठीवर लिहून विचारले आहे. मूळ प्रमाणपत्रे तपासून विद्यार्थ्याला परत द्यावीत, अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली कळविलेले आहे. तरी कुठेही मूळ कागद देताना त्यांची यादी करून सही घ्यावी.

आणि शेवटी दलालाविषयी. मुदत संपत आली की हा गृहस्थ हमखास भेटतो. "दोन दिवसांत वैधता आणून देतो, वरचे एवढे लागतील." भगिनींनो, उशिरा आलेल्या कागदाची क्षमा होते, खोट्याची होत नाही. खोटा जातीचा दाखला वापरल्यास २००१ च्या त्या कायद्यात सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दावा अवैध ठरला तर त्यावर मिळवलेला प्रवेश किंवा नोकरी, कितीही वर्षे झालेली असोत, टिकणार नाही. पोरगी इंजिनियर होऊन कामाला लागली, आणि मग तो कागद उघडा पडला, अशी कल्पना करा. त्यापेक्षा यंदा खुल्या गटातून मिळेल त्या कॉलेजात तिला जाऊ द्यावे, वैधता आली की पुढच्या टप्प्यावर ती उपयोगी पडेल. तिला घरी मात्र बसवू नका.

माझे बोलणे संपले. आता चहा होईल. ज्यांच्या घरी यंदा दहावी, अकरावी किंवा बारावीला मूल आहे, त्यांनी थांबावे. आपण कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून एकेकीचे कागद पाहू. कालच सांगितले होते त्याप्रमाणे काही जणींनी पिशव्या आणलेल्या दिसतात. मोडीतले कागद कोणी आणले असतील तर तेही दाखवा. समितीपुढे अधिकृत वाचकाचे लिप्यंतर लागेल, पण कागदात कामाचे काही आहे का हे आपल्याला इथेच कळेल; मला मोडी येत नाही, परंतु आपल्या मंडळातल्या सर्वांत वडील आजींना त्यांच्या वडिलांनी ती शिकवलेली आहे, आणि त्या चष्मा घेऊन आल्या आहेत.